दातकाकांची पांढरी पलटण

दातकाका आयुष्यभर खोटे दात बनवत आले. दातांच्या डॉक्टरांकडून साचे यायचे आणि त्यांवरून काका कवळ्या, झिजलेल्या दातांवर बसवायच्या टोप्या, मधल्या फटी बुजवणारे सुटे दात करून पाठवायचे. एका लांबट खोलीत, खिडकीकडे तोंड करून, एकाच स्टुलावर बत्तीस वर्षं. हा आकडा ते मुद्दाम सांगत. "जेवढे दात तेवढी वर्षं. मग म्हटलं, आता बास."

त्यामुळे पांढऱ्या रंगातलं आपल्याला कळतं, असं त्यांचं ठाम मत होतं, आणि ते खरंही होतं. "दात पांढरा नसतो," ते समजावून सांगायचे, "मुळाशी मधासारखा, मध्ये सायीसारखा आणि टोकाला काचेसारखा असतो. सरसकट पांढरा केलात तर तो दात दिसत नाही, गोळी दिसते." आणि समोरच्याच्या तोंडात असं निरखून बघायचे, की बोलता बोलता माणूस ओठ मिटून घ्यायचा.

मी त्यांना ओळखतो ते क्लबमुळे. मी छापखान्यात काम करतो आणि छापखान्याच्या वरच्या मजल्यावर एक हॉल आहे. दर रविवारी दुपारी तिथे आम्ही वीस-पंचवीस जण जमतो आणि टेबलावर लढाया खेळतो. जुनं टेबल-टेनिसचं टेबल, त्यावर हिरवं कापड, थर्माकोलच्या टेकड्या, आणि अंगठ्याच्या पेराएवढे सैनिक. फासे टाकायचे, टेपने अंतर मोजायचं, आपली पलटण पुढे सरकवायची. सगळी मोठी, पोटापाण्याला लागलेली माणसं. बाहेरच्या कुणाला सांगताना आम्ही जरा अडखळतोच. सैनिक बाजारात कोरे, राखाडी मिळतात आणि ज्याचे त्याने रंगवायचे असतात. खरं सांगायचं तर निम्म्या लोकांचा जीव लढाईपेक्षा त्या रंगकामातच असतो.

आणि त्या रंगकामात सगळ्यात अवघड म्हणजे पांढरा. नवीन माणसाला वाटतं, पांढऱ्यात काय आहे, बाटली उघडली, लावला. लावून बघा. घट्ट लावला तर भिंतीच्या पोपड्यासारखा खडबडीत होतो, पातळ लावला तर खालचं सगळं दिसतं. नाक, बोटं, झग्याच्या चुण्या, सगळं बुजून जातं आणि सैनिक मिठात लोळल्यासारखा दिसतो. काकांची रीत वेगळी होती. आधी फिकट करड्याचा हात. मग दुधात पाणी घातल्यासारखा पातळ रंग, एक थर, वाळू द्यायचा, दुसरा थर, वाळू द्यायचा, असे सहा-सात. चुण्यांच्या खोलगट भागात करडी सावली तशीच ठेवायची. अगदी शुद्ध पांढरा फक्त कडांना, जिथे उजेड पडेल तिथेच. त्या करड्यात काका निळ्याचा एक थेंब टाकायचे. "एकच," ते बोट वर करून सांगायचे, "धुतलेल्या कपड्याला नीळ देतात तेवढीच. त्याने पांढरा उजळतो."

आम्ही सगळे त्यांच्याकडूनच शिकलो. दरवर्षी क्लबचं प्रदर्शन असतं, त्यात पांढऱ्या पलटणीचा एक वेगळा गट असतो आणि त्या गटाचे परीक्षक कायम दातकाका. त्यांची स्वतःची पलटण स्पर्धेत नसे. ती मधोमध नमुना म्हणून मांडलेली असे.

काकांना एकच मुलगी. तिने लग्न केलं ते फरश्या बसवणाऱ्याशी. काकांनी विरोध केला नाही, लग्नात काही कमी पडू दिलं नाही, जावयाला अहो-जाहो करत, जावईबापू म्हणत. पण एवढं सगळं करूनही त्या माणसाशी काय बोलायचं हे त्यांना कळत नसे. लेक माहेरी आली की आत काकूंशी तिच्या गप्पा सुरू व्हायच्या आणि बाहेरच्या खोलीत हे दोघे.

"काम कसं चाललंय?"

"चाललंय."

"पाणी घेणार?"

"नको, आत्ताच प्यायलो."

मग पंखा फिरायचा, आणि दोघंही त्या पंख्याकडे बघायचे.

एक दिवस जावयानेच काचेच्या कपाटाकडे बोट केलं. "बाबा, हे तुम्ही रंगवता ना? मला शिकवाल?"

काका खूश झाले. जावयाचे हात म्हणजे सिमेंटने घासलेले, बोटं जाडजूड. त्या बोटांत तीन केसांचा ब्रश काडीसारखा दिसायचा. पण माणूस चिकाटीचा. वर्षभर दर रविवारी तो काकांबरोबर हॉलवर येत राहिला. सैनिक बाटलीच्या बुचावर चिकटवायचा, बूच मुठीत धरायचा आणि श्वास रोखून रंगवायचा. वर्षभरात त्याने वीस सैनिकांची पलटण पुरी केली, सगळे पांढऱ्या झग्यातले. आणि प्रदर्शनात मांडली.

आता जे सांगायचंय ते मला फार अभिमानाने सांगता येणार नाही.

गेल्या दोन-तीन वर्षांत काकांचे सैनिक निळे होत चालले होते. पहिल्यांदा मला वाटलं, ही काहीतरी नवी पद्धत असेल. मग तो निळा वाढत गेला. झग्याच्या चुण्यांत निळा, बाह्यांच्या खाली निळा, आणि शेवटी तर ती पलटण नीळ जास्त झालेल्या चादरीसारखी दिसायला लागली. आम्हाला सगळ्यांना दिसत होतं. दोघं-तिघं आपसांत बोललोही होतो. पण ज्याने आपल्याला ब्रश धरायला शिकवलं त्या माणसाला हे सांगणार कोण? आम्ही "वा काका" म्हणायचो आणि पुढे सरकायचो.

प्रदर्शनाच्या दिवशी काका एकेक पलटण बघत जावयाच्या पलटणीपाशी आले. लेक आणि काकूही आल्या होत्या. आम्ही सगळे भोवती उभे. जावयाला सूट दिली असं कुणी म्हणायला नको, म्हणून की काय, काकांनी चेहरा जरा जास्तच कडक केला. त्यांनी एक सैनिक उचलला, दिव्याखाली धरला, फिरवला.

"हा पांढरा आहे?" ते म्हणाले, "कवळी रात्रभर चहात ठेवल्यासारखा दिसतोय."

आम्ही हसलो. हसणाऱ्यांत मीही होतो, आणि माझा आवाज तसा मोठा आहे.

जावईही हसला. "बाबा, मला तर पांढराच दिसतोय."

काकांना ते उलट उत्तर वाटलं असावं. सैनिक खाली ठेवत ते म्हणाले, "फरश्या बसवणं वेगळं, जावईबापू. याला नजर असावी लागते."

या वेळी कुणी हसलं नाही. लेकीने वडिलांकडे असं बघितलं की काकूंनी तिचा हात धरला. जावयाने मान हलवली, "बरोबर आहे," एवढंच म्हणाला आणि शेवटपर्यंत थांबला. खुर्च्या उचलायलाही त्याने मदत केली. बक्षीस दुसऱ्या कुणाला तरी मिळालं, ज्याचे सैनिक काकांच्याच पद्धतीने चांगले निळसर होते.

दुसऱ्या दिवशी तो माझ्या घरी आला. म्हणजे आधीच ठरलं होतं, माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीला पांढऱ्या टाइल्स बसवायच्या होत्या. त्याने सगळी खोकी फोडली आणि टाइल्स खिडकीच्या उजेडात भिंतीला टेकवून ओळीने उभ्या केल्या. मग मागे जाऊन बघत राहिला. अधूनमधून एखादी उचलून दुसऱ्या ओळीत ठेवायचा.

"काय करताय?" मी विचारलं.

"दोन खोक्यांतला पांढरा एक नसतो. आत्ता कळत नाही, लावल्यावर कळतं."

मला त्या टाइल्स एकसारख्याच दिसत होत्या. त्याने दोन ढीग केले, एक खिडकीच्या भिंतीला, एक समोरच्या. मी चहा दिला, त्याने घेतला. कालच्याबद्दल मी अवाक्षर काढलं नाही. आणि या माणसाची नजर आमच्या सगळ्यांपेक्षा चांगली आहे, हे त्या दिवशी मला कळून चुकलं होतं.

त्यानंतर तो हॉलवर आला नाही. त्याची पलटण क्लबच्या सामाईक कपाटात एका खोक्यात राहिली. नवीन आलेल्यांना पहिल्या खेळासाठी आम्ही तेच सैनिक द्यायचो.

आठ महिने गेले. या आठ महिन्यांत लेक आणि काकू दोघी मिळून काकांच्या मागे लागल्या होत्या की डोळे दाखवून या. काका म्हणायचे, डोळ्यांना काय झालंय? मग एकदा ते भलत्याच बसमध्ये चढले आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उतरले. त्या दिवशी ते कबूल झाले.

डोळ्यांच्या डॉक्टर बाईंनी तपासलं आणि विचारलं, "किती दिवस असं पिवळं दिसतंय?"

"मला काही पिवळंबिवळं दिसत नाही."

"कुणालाच कळत नाही ते," बाई म्हणाल्या. "हळूहळू चढतं ना. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, चांगला पिकलाय. आधी डावा करू, महिन्याने उजवा."

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढली तेव्हा पहिल्यांदा दिसला तो बाईंचा कोट. काका नंतर मला म्हणाले, "मला वाटलं, त्या कोटात दिवा लावलाय." घरी येईपर्यंत ते लहान मुलासारखे झाले होते. आभाळ केवढं निळं, पाटीवरची अक्षरं केवढी ठळक. काकूंचे केस त्यांना पिवळट करडे वाटायचे, ते चक्क रुपेरी निघाले. "अगं, तू सुंदर दिसतेस," ते म्हणाले. काकू म्हणाल्या, "औषधाचा परिणाम असेल."

मग ते बाहेरच्या खोलीत आले आणि काचेच्या कपाटासमोर उभे राहिले.

त्यांना आधी वाटलं, कपाटाच्या काचेत कशाचं तरी प्रतिबिंब पडलंय. त्यांनी दार उघडलं. एक सैनिक काढला, खिडकीशी नेला. दुसरा नेला. पुसून बघितला. मग सगळी पलटण त्यांनी खिडकीच्या कट्ट्यावर मांडली. पांढरा एकही नव्हता.

"अगं," त्यांनी हाक मारली, "हे निळे आहेत?"

काकू हात पुसत बाहेर आल्या. "हो."

"कधीपासून?"

"झाली की तीन-चार वर्षं."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, तुम्हाला निळेच हवेत. असेल त्यांचा कुणी निळा राजा. मला त्यातलं काय कळतंय?"

काका खाली बसले. पांढरा उजळत नाही असं वाटून ते दर खेपेला निळ्याचा आणखी एक थेंब टाकत गेले होते. त्यांना आधी आठवले ते सैनिक नाहीत. आठवली ती नोकरीची शेवटची वर्षं. त्या वर्षांत तीन-चार टोप्या परत आल्या होत्या, रंग जमत नाही म्हणून, आणि त्यांनी फोनवर डॉक्टरांना सुनावलं होतं की तुमच्या दवाखान्यातला दिवा बदला. ज्या परत आल्या नाहीत त्या कुणाच्या तोंडात असतील? आणि त्यानंतर त्यांना प्रदर्शन आठवलं.

माझ्याकडे ते त्याच दुपारी आले. डोळ्यावर काळा चष्मा, हातात छत्री. "हॉलची किल्ली दे," म्हणाले, "नाही, तूही चल."

वर गेल्यावर त्यांनी सामाईक कपाटातलं ते खोकं मागितलं. मी टेबलावर ठेवलं. आठ महिने कुणी कुणी हाताळल्यामुळे काही सैनिकांचे भाले वाकले होते, दोन-तीन ठिकाणी रंगाचे टवके उडाले होते. काकांनी खिडकी उघडली, एक सैनिक उचलला आणि चष्मा काढला.

मग त्यांनी डावा डोळा, नवा डोळा, तळहाताने झाकला. नुसत्या उजव्याने, जुन्या डोळ्याने, बघितलं. मग उजवा झाकला आणि डाव्याने बघितलं. परत उजव्याने. परत डाव्याने. असं किती वेळा केलं ते मी मोजलं नाही. मी टेबलाच्या पलीकडे उभा होतो आणि मला तिथून निघून जावंसं वाटत होतं.

"याने बघितलं की अजून तसाच दिसतो," ते जुन्या डोळ्यावर बोट ठेवून म्हणाले. "चहात बुडवलेला." मग हात बदलला. "आणि याने..." त्यांनी सैनिक माझ्यासमोर धरला. झग्याच्या चुण्यांत फिकट करडी सावली, त्यावर तलम थर, आणि कडांना केसाएवढी शुद्ध पांढरी रेघ. त्या जाड बोटांनी ती कशी ओढली असेल देव जाणे.

"तुला दिसत होतं?" त्यांनी विचारलं.

मी खोटं बोलू शकलो असतो. "हो," म्हटलं.

"त्या दिवशी?"

"हो."

त्यांनी मान डोलावली. रागावले नाहीत. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. सैनिक एकेक करून त्यांनी खोक्यात भरले आणि खोकं काखेत मारून खाली उतरले.

घरी गेल्यावर त्यांनी काकूंना सांगितलं की जावयाची माफी मागायला हवी. त्यावर काकू जरा घुटमळल्या आणि म्हणाल्या, "आता सांगूनच टाकते. डोळे तपासा म्हणून आम्ही मागे लागलो ना, ते आमच्या डोक्यातलं नव्हतं. जावयांच्या होतं. प्रदर्शनाच्याच दिवशी घरी जाताना ते आपल्या लेकीला म्हणाले होते, बाबांच्या पलटणीचा रंग बघितलास का, त्यांच्या डोळ्यांचं काहीतरी बिनसलंय, लवकर दाखवायला हवं. आणि माझं नाव सांगू नका म्हणाले."

"का?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

काका म्हणतात, त्या दिवशी ते जेवलेच नाहीत. काकूंनी ताट वाढलं, ते समोर बसले आणि उठून गेले. दुसऱ्या माणसाने आपल्याला चारचौघांत खाली बघायला लावलं, तर माणूस त्याचं काहीतरी वाकडं चिंतितो. इथे तो घरी जाऊन आपल्या डोळ्यांची काळजी करत होता, आणि आपण काय करत होतो? आपण लोकांना सांगत होतो की परीक्षण करताना नातं मध्ये येऊ दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते लेकीला पत्ता विचारून जावयाच्या कामावर गेले. नवी इमारत होती, तिसरा मजला, लिफ्ट सुरू झालेली नव्हती. एका न्हाणीघरात जावई गुडघ्यांवर बसून टाइल ठोकत होता. काकांना दारात बघून तो एकदम उठला.

"बाबा? तुम्ही इथे कशाला आलात? डोळ्यांत धूळ जाईल. बाहेर चला आधी."

हे त्याचं पहिलं वाक्य. काकांनी वाटेत जे काही जुळवून आणलं होतं ते सगळं त्या वाक्याने विस्कटलं. जावयाने गॅलरीत एक बादली पालथी घातली, तिच्यावर पोतं टाकलं आणि त्यांना बसवलं. स्वतः कठड्याला टेकून उभा राहिला.

काकांनी खोकं मांडीवर घेतलं. "तुमचा पांढरा बरोबर होता," ते म्हणाले.

"हो," जावई म्हणाला. "माहीत आहे मला."

त्यात तोरा नव्हता. टाइल सरळ बसली आहे हे सांगावं तसं त्याने सांगितलं.

"मी चुकलो. नुसता रंगात नाही. मी जे बोललो..."

जावई थोडा वेळ हातावरचं वाळलेलं सिमेंट खरवडत राहिला. मग म्हणाला, "रंगाचं मला काही वाटलं नाही, बाबा. डोळ्यांचं आहे हे दिसतच होतं. फरश्यांचं वाटलं. तिथे एक जण होते, दुसऱ्या दिवशी त्यांच्याच घरी मला काम होतं. रात्रभर वाटत होतं, हा माणूस आता माझं काम बघेल तेव्हा काय विचार करेल."

काकांनी हे मला जसंच्या तसं सांगितलं. त्यांना ठाऊक होतं की तो एक जण मी.

"तुम्ही परत या," काका म्हणाले. "रविवारी या. मी सगळ्यांसमोर सांगतो."

"सांगायचं तर सांगा. पण मी नाही येणार."

"रागावलात?"

"नाही हो. खरं सांगू का? मला ते रंगवणं तसं आवडत नव्हतंच. मान दुखायची, दिवसभर वाकून काम आणि सुट्टीच्या दिवशी परत वाकून काम. तुमच्याशी बोलायला काहीतरी विषय हवा होता, एवढंच."

काका मला म्हणाले, "मी बसलेलो होतो म्हणून बरं." त्यांना इतके दिवस वाटत होतं, आपण त्याला शिकवतोय, मोठं मन करून शिकवतोय. आणि तो माणूस वर्षभर मान दुखवून घेत होता, कारण त्याच्या सासऱ्याला त्याच्या कामाबद्दल 'कसं चाललंय'च्या पुढे एक प्रश्न विचारावा असं कधी वाटलं नव्हतं.

रविवारी काका हॉलवर आले. फासे, टेप सगळं मांडून झालं होतं. त्यांनी हात वर केला आणि उभ्याउभ्या सांगितलं. जावयाची पलटण टेबलावर ठेवली, शेजारी आपली ठेवली.

"ही पांढरी आहे आणि ही निळी आहे," ते म्हणाले. "माझी नजर गेली होती आणि मी दुसऱ्याच्या नजरेला नावं ठेवली. त्याच्या कामालाही नावं ठेवली, ज्यातलं मला ओ का ठो कळत नाही. तेव्हा तुम्ही सगळे होतात, म्हणून तुमच्यासमोर सांगतोय. यापुढे मी परीक्षक नाही."

"काका, एवढं काय त्यात," कुणीतरी म्हणालं. "डोळ्यांचं काय, कुणाचेही जातात."

"तुम्हाला दिसत होतं ना?"

कुणीही मान वर केली नाही. एक जण फासा बोटांत फिरवत राहिला.

"मग सांगितलं का नाही?"

शेवटी मी म्हटलं, "तुम्ही ऐकलं असतंत?"

काकांनी खरोखर विचार केला. "नसतं ऐकलं," ते म्हणाले आणि खाली बसले.

त्या दिवशी खेळ रंगला नाही.  दुसऱ्या दिवशी मी जावयाला फोन केला. काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, स्वयंपाकघराच्या टाइल्स फार छान बसल्यात. तो म्हणाला, "आठ महिने झाले की." मग मी खरं काय ते बोललो, की मी हसलो होतो, मोठ्याने हसलो होतो. तो म्हणाला, "हो, आवाज आला होता तुमचा." मग तो हसला आणि काम आहे म्हणून त्याने फोन ठेवला. त्याने मला माफ केलं की नाही, ते मला आजही सांगता येत नाही.

काकांचा उजवा डोळाही झाला. निळी पलटण पुसून टाकून परत रंगवावी असं त्यांच्या मनात होतं, काकूंनी नको म्हटलं. ती अजून कपाटात आहे. पाहुणे येतात, म्हणतात, "वा, निळा रंग काय सुरेख लावलाय." आणि दर वेळी काकांना सांगावं लागतं की ते पांढरे आहेत. सांगताना त्यांचे कान लाल होतात. तरी सांगतात.

हॉलवर ते आता क्वचित येतात. एका रविवारी मी त्यांच्या घरी गेलो तर बाहेरच्या खोलीत काका आणि जावई. पंखा चालू होता, पण त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. जावई हातवारे करून सांगत होता, एका घराची भिंत कशी ओळंब्यात नव्हती, वर दोन बोटं बाहेर आली होती, आणि टाइल सरळ दिसावी म्हणून त्याला माल कुठे जाड, कुठे पातळ भरावा लागला. काका पुढे वाकून ऐकत होते. मध्येच त्यांनी विचारलं, "पण दाराच्या चौकटीशी काय केलंत?" आणि जावई, बरं झालं विचारलंत, अशा थाटात चौकटीकडे वळला. मी अर्धा तास बसलो. माझ्याकडे कुणी बघितलं नाही.

संध्याकाळी लेकीने आईला फोन केला म्हणे, "बाबांचं आणि यांचं आज एवढं काय चाललं होतं?"

"कुणाला माहीत," काकू म्हणाल्या. "कुठल्याशा वाकड्या भिंतीचं."